गावांच्या ढाली, गावांच्या आठवणी

इ. स. १५८३ मध्ये विशीच्या उंबरठ्यावरचा एक डच तरुण गोव्यास येऊन उतरला. त्याचे नाव यान हौखेन व्हान लिन्सखोटेन. गोव्याचे आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका यांच्या पदरी तो लेखनिक होता. १५८८ पर्यंत तो गोव्यात राहिला. येथील बाजार, पालख्या, झाडे, फळे, चालीरीती आणि विशेषेकरून समुद्रमार्ग यांची त्याने बारकाईने टिपणे ठेवली. मायदेशी परतल्यावर १५९६ मध्ये त्याचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पोर्तुगीजांनी जपून ठेवलेले पूर्वेकडील जलमार्गांचे ज्ञान युरोपात उघडे झाले. हा लिन्सखोटेन जन्मला हार्लेम नगरात, वाढला आणि १६११ मध्ये वारला तो एंकहाउझन या बंदरात. हार्लेमच्या ढालीवर तलवार आहे, तर एंकहाउझनच्या ढालीवर मुकुट घातलेले तीन मासे आहेत. माशाला मुकुट कशासाठी, आणि गावाला ढाल तरी कशासाठी, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही दोन्ही नगरे नेदरलँड्स देशाच्या उत्तर हॉलंड प्रांतात आहेत. पश्चिमेस उत्तर समुद्र, पूर्वेस एकेकाळचा झाउडर समुद्र आणि मध्ये अरुंद, सखल, पाण्याने वेढलेली भूमी, असे या प्रांताचे रूप आहे. १८४० मध्ये जुन्या हॉलंड प्रांताचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, तेव्हा तो स्वतंत्र प्रांत झाला. प्रांताचे लहान कारभारी विभाग असतात. त्यांना तेथे ‘गेमेंटे’ म्हणतात. आपल्याकडील नगरपालिका आणि ग्रामपंचायत या दोहोंची कामे ही एकच संस्था करते. मोठ्या शहराचीही गेमेंटे आणि चार-पाच खेड्यांची मिळूनही गेमेंटेच. सोयीसाठी आपण तिला नगरपालिका म्हणू. २०२२ साली या प्रांतात अशा ४४ नगरपालिका होत्या. त्यांना प्रत्येकी स्वतःचा ध्वज आणि स्वतःचे ढालचिन्ह असण्याची परंपरा आहे.

ढालचिन्ह हा शब्द थोडा अपरिचित वाटेल. पण वस्तू अपरिचित नाही. जुन्या गोव्यातील असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये गेलेल्यांनी फरशीत बसविलेले थडग्यांचे दगड पाहिले असतील. त्यांवर कोरलेल्या ढाली ही त्या त्या घराण्यांची चिन्हे होत. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांनाही संस्थानांची राजचिन्हे आठवतील. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना जे ध्वज देण्यात आले, त्यांवरील ढाली रॉबर्ट टेलर नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने युरोपीय रीतीने आखल्या होत्या. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या राजचिन्हातील नाग सर्वांच्या ओळखीचा आहे. फरक इतकाच, की ही चिन्हे घराण्यांची किंवा राजांची. हॉलंडमधील ज्या चिन्हांविषयी आपण बोलत आहोत ती राजाची नसून गावाची आहेत. कोळी, सुतार, गवळी, व्यापारी अशा सर्वांची मिळून ती एक ढाल.

या ढाली निर्माण झाल्या त्या युद्धातून. बाराव्या शतकाच्या सुमारास युरोपातील योद्धे पायापासून डोक्यापर्यंत लोखंडात झाकले गेले, तेव्हा कोण आपला आणि कोण परका हे ओळखण्यासाठी ढालीवर ठळक खूण काढण्याची पद्धत पडली. पुढे तीच खूण लाखेच्या व मेणाच्या मुद्रेवर आली. नगरांना जसजसे सनदेने हक्क मिळू लागले, तसतशी नगरांनाही करारपत्रांवर उठविण्यासाठी मुद्रा लागली. नगराची मुद्रा हीच बहुतेक ठिकाणी नगराच्या ढालचिन्हाची आई होय. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेचे महत्त्व जाणणाऱ्या वाचकाला हे निराळे सांगावयास नको. मुद्रा उठली की शब्द बांधला गेला; ज्याच्या नावाची मुद्रा, त्याची जबाबदारी.

या विद्येचे नियम मोजके पण कडक आहेत. मुख्य रंग पाच : लाल, निळा, काळा, हिरवा आणि जांभळा. त्यांच्या जोडीला दोन धातू : सोने आणि रुपे, म्हणजे चित्रात पिवळा आणि पांढरा. रंगावर रंग ठेवू नये, धातूवर धातू ठेवू नये, हा पहिला नियम. लाल भूमीवर पिवळे चित्र शंभर पावलांवरून दिसते. निळ्यावर काळे दिसत नाही. नियम सौंदर्यापेक्षा दृष्टीच्या सोयीतून आलेला आहे. दुसरा नियम उजव्या-डाव्या बाजूंचा. ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी. पाहणाऱ्याला ती डावीकडे दिसते. तिसरी गोष्ट अशी, की चिन्हाचे खरे स्वरूप चित्रात नसून वर्णनात असते. ‘निळ्यावर तीन रुपेरी हेरिंग मासे, प्रत्येकावर सोन्याचा मुकुट’ असे शब्द ठरले, की चित्रकार मासा जाड काढो वा बारीक काढो, चिन्ह तेच राहते.

ही चिन्हे मंजूर कोण करतो? नेदरलँड्समध्ये १८१४ साली सरदारवर्गाचे उच्च मंडळ स्थापन झाले. घराण्यांच्या पदव्यांबरोबरच नगरांच्या ढालींची नोंद ठेवण्याचे काम त्याच्याकडे आले. नगरपालिकांनी आपापली चिन्हे नोंदवावीत असा हुकूम निघाला. तेव्हा एक गंमत घडली. पुष्कळ गावांनी चिन्हाचे चित्र पाठविले, पण रंग कोणते ते कळविलेच नाही. मंडळाने त्यासाठी एक ठोक उपाय योजिला. ज्यांनी रंग कळविले नाहीत, त्यांना राज्याचे रंग द्यावयाचे, म्हणजे निळी भूमी आणि तीवर सोनेरी चित्र. हे रंग नासाऊ राजघराण्याच्या ढालीतील. त्यामुळे आजही डच ढालींच्या संग्रहात निळ्या-सोनेरी ढालींची मोठी रांग दिसते. झांडव्होर्ट या किनाऱ्यावरील गावाच्या निळ्या ढालीवर सोनेरी मासे आहेत. हिल्व्हर्सम गावाच्या निळ्या ढालीवर सोन्याचे चार दाणे आहेत. जुन्या रेडिओच्या तबकडीवर ज्यांनी हिल्व्हर्सम हे नाव वाचले असेल त्यांना हे ऐकून नवल वाटेल, की डच नभोवाणीचे माहेरघर असलेल्या या गावाची खूण विजेची तार नसून बकव्हीटचे तिकोनी दाणे, म्हणजे आपल्याकडे उपवासाला चालणारा कुट्टू, हीच आहे. हिल्व्हर्समच्या रेताड जमिनीत पूर्वी तेच पिकत असे.

गावाच्या ढालीवर काय काढावे, याची उत्तरे गावोगाव निराळी असली तरी त्यांचे तीन-चार वर्ग पडतात. पहिला वर्ग नावाचा. गावाच्या नावात जो शब्द ऐकू येतो त्याचेच चित्र काढावयाचे. होर्न या शब्दाचा अर्थ शिंग. म्हणून होर्न नगराच्या रुपेरी ढालीवर लाल रंगाचे शिंग आहे आणि ढाल सांभाळणारा प्राणी एकशिंगी घोडा आहे. चिन्हात शिंग, ढालधारकाच्या कपाळी शिंग! नावाचा खरा उगम कोणता हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांचा; निरक्षर खलाशाला मात्र शिंग दिसले की होर्नचे जहाज आले एवढे कळत असे. याच होर्नमधून निघालेल्या याकोब ल मेर आणि विलेम स्खाउटेन यांनी १६१६ च्या जानेवारीत दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घातला आणि त्या टोकाला आपल्या गावाचे नाव दिले. शाळेच्या नकाशात आपण ‘केप हॉर्न’ वाचतो, ते भूशिर या लहान बंदराचे नाव धारण करून उभे आहे. तसेच मॉनिकेंडाम. मॉनिक म्हणजे मठवासी साधू. म्हणून या गावाच्या ढालीवर काळ्या झग्यातील साधू उभा, आणि त्याच्या हाती चक्क सोटा!

दुसरा वर्ग पोट भरणाऱ्या वस्तूंचा. एडाम गाव त्याच्या गोल चीजमुळे जगाला माहीत आहे, आणि त्याच्या ढालीवर बैल आहे. एंकहाउझनचे तीन मासे याच वर्गातले. हेरिंग हा आपल्या तारलीचा थंड समुद्रातला दूरचा नातलग. आतडी काढून, मीठ लावून, पिंपांत भरून ठेवलेला हेरिंग महिनेच्या महिने टिकतो. सतराव्या शतकात या माशावर एंकहाउझनचे वैभव उभे राहिले. राजाच्या डोक्यावर मुकुट असतो हे खरे. परंतु या गावाला पोसणारा राजा समुद्रात पोहत होता, आणि मुकुट त्याच्या डोक्यावर चढविण्यात कोणाला संकोच वाटला नाही.

तिसरा वर्ग पाण्यातून मिळविलेल्या भूमीचा. हार्लेमच्या दक्षिणेस पूर्वी एक प्रचंड सरोवर होते. वादळात ते आसपासची गावे गिळीत असे. १८४९ पासून १८५२ पर्यंत वाफेच्या तीन पंपगृहांनी त्याचे पाणी उपसून समुद्रात सोडले. उघड्या पडलेल्या तळावर शेते आखली गेली आणि १८५५ मध्ये हार्लेमरमेर नावाची नवी नगरपालिका अस्तित्वात आली. तिला ना इतिहास होता, ना संत, ना लढाई. तिने आपल्या ढालीवर पाण्यातून वर येणारी गव्हाची कणसे घेतली. स्खिपोल हा जगप्रसिद्ध विमानतळ याच भूमीवर आहे. तेथे उतरणारे लक्षावधी प्रवासी एका आटविलेल्या सरोवराच्या तळावर, समुद्राच्या पातळीखाली उभे असतात. ढाल तेवढी ते विसरू देत नाही.

चौथा वर्ग पराक्रमाचा आणि दंतकथांचा. तो सर्वांत आकर्षक आणि सर्वांत सावधपणे वाचण्याजोगा. अल्कमारच्या लाल ढालीवर रुपेरी बुरूज आहे. १५७३ मध्ये स्पेनच्या सैन्याने या नगराला वेढा घातला. त्याच वर्षी जुलैत हार्लेम सात महिन्यांच्या वेढ्यानंतर पडले होते. अल्कमार पडले नाही. बांध फोडून शत्रूच्या तळावर पाणी सोडण्याची तयारी झाली आणि ८ ऑक्टोबरला वेढा उठला. ‘विजयाचा आरंभ अल्कमारपासून’ ही म्हण डच भाषेत तेव्हापासून रूढ आहे, आणि ढालीखालील लॅटिन शब्दांचा अर्थही ‘विजयी अल्कमार’ असाच आहे. येथे ढाल आणि इतिहास एकमेकांस दुजोरा देतात.

हार्लेमचे तसे नाही. त्याच्या लाल ढालीवर उभी तलवार, चार सोन्याचे तारे आणि वर रुपेरी क्रूस आहे. कथा अशी सांगतात, की १२१९ मध्ये इजिप्तमधील दमिएत्ता बंदर घेताना हार्लेमच्या खलाशांनी जहाजाच्या तळाला करवतीसारखे दाते बसविले, बंदराच्या तोंडावर बांधलेली साखळी कापली आणि त्याबद्दल सम्राटाने तलवार व जेरुसलेमच्या धर्मगुरूने क्रूस बहाल केला. दमिएत्ताला साखळीचा बुरूज खरोखर होता आणि तो १२१८ च्या ऑगस्टमध्ये पडलाही. परंतु करवतीच्या जहाजाला इतिहासाचा आधार नाही, आणि सम्राट दुसरा फ्रेडरिक तर त्या मोहिमेवर गेलाच नव्हता. तरीही हार्लेमच्या मोठ्या चर्चमध्ये दमिएत्ताच्या नावाच्या लहान घंटा आजही रोज रात्री नऊ ते साडेनऊ वाजतात. दंतकथा खोटी म्हणून तलवार ढालीवरून कोणी काढली नाही, आणि काढण्याचे कारणही नाही. मात्र कथेला इतिहास म्हणून शिकविणे निराळे आणि कथा म्हणून सांगणे निराळे, एवढा विवेक शिक्षकाने व वाचकाने बाळगला म्हणजे पुरे.

आता या प्रांतातील सर्वांत प्रसिद्ध ढालीकडे वळू. ती आम्स्टरडॅमची. लाल भूमी, मधोमध उभा काळा पट्टा आणि त्या पट्ट्यावर एकाखाली एक तीन रुपेरी क्रूस, गुणिलेच्या चिन्हासारखे तिरपे. संत आंद्रेयाचा वध अशा क्रूसावर झाला असे मानतात, म्हणून त्याला त्या संताचे नाव आहे. लालवर काळा पट्टा, म्हणजे रंगावर रंग! मघाशी सांगितलेला पहिला नियम देशाच्या राजधानीनेच मोडला आहे. प्रवाशांना वाटाडे सांगतात, की तीन क्रूस म्हणजे नगरावरची तीन संकटे : पाणी, आग आणि साथ. ऐकावयास हे फार चांगले. पण त्याला पुरावा नाही. शेजारच्या आम्स्टेलव्हेन आणि औडर-आम्स्टेल यांच्या ढालींवरही हेच क्रूस आहेत. त्यावरून ते या भागातील जुन्या जहागीरदारांच्या, बहुधा पेर्सेइन घराण्याच्या ढालीवरून आले असावेत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

ढालीच्या वर सम्राटाचा मुकुट आहे. १४८९ मध्ये, पुढे पवित्र रोमन सम्राट झालेल्या मॅक्सिमिलियनने, नगराने केलेल्या साहाय्याबद्दल हा मान दिला. व्यापाऱ्यांना त्याचे मोल फार. परक्या बंदरात सम्राटाचा मुकुट मिरविणाऱ्या जहाजाची पत वाढत असे. १५७८ मध्ये आम्स्टरडॅमची सत्ता प्रॉटेस्टंट पक्षाकडे गेली, स्पेनच्या राजाशी आणि पर्यायाने सम्राटाच्या घराण्याशी वैर पडले. पण मुकुट तसाच राहिला. १६३८ मध्ये पूर्ण झालेल्या पश्चिम चर्चच्या मनोऱ्यावर, प्रॉटेस्टंट चर्चच्या माथ्यावर, कॅथलिक सम्राटाचा तो मुकुट आजही दिसतो. गावे आपल्या चिन्हांच्या बाबतीत तर्कापेक्षा सवयीने चालतात, याचे हे बोलके उदाहरण आहे.

परंतु आम्स्टरडॅमच्या ढालचिन्हातील खरी महत्त्वाची गोष्ट मुकुटात नसून ढालीखालच्या फितीवर आहे. तेथे तीन शब्द आहेत. त्यांचा अर्थ शूर, निश्चयी, दयाशील. हे शब्द जुने नाहीत. राणी विल्हेल्मिना यांनी ते २९ मार्च १९४७ रोजी नगराला दिले. त्यामागील हकीकत अशी. १९४० मध्ये जर्मन सैन्याने देश व्यापला. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आम्स्टरडॅमच्या ज्यू वस्तीत घुसून चारशेंहून अधिक तरुणांना पकडण्यात आले. ते पुढे छळछावण्यांत पाठविले गेले आणि जवळजवळ सर्वच मृत्यू पावले. तेव्हा पीट नाक नावाचा रस्ते झाडणारा आणि विलेम क्रान नावाचा रस्ते बांधणारा, असे नगरपालिकेचे दोन साधे नोकर पुढे झाले. कम्युनिस्ट पक्षाने, त्याला बंदी असताना, संपाची हाक दिली. २५ फेब्रुवारीस ट्रामगाड्या बंद पडल्या. गोदी, कारखाने, दुकाने ओस पडली. शेजाऱ्यांवरील अन्यायासाठी सारे नगर काम सोडून उभे राहिले. दोन दिवसांत संप बळाने मोडला गेला. क्रानला १९४२ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. सम्राटाच्या मुकुटाखाली आज जे शब्द आहेत ते झाडूवाल्यांनी आणि गोदी-कामगारांनी मिळविलेले आहेत, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणि तितकीच लक्षात ठेवण्यासारखी दुसरी बाजूही आहे. त्याच नगरपालिकेच्या सांख्यिकी कचेरीने त्याच १९४१ साली, कोणत्या गल्लीत किती ज्यू राहतात हे ठिपक्यांनी दाखविणारा नकाशा जर्मनांच्या हुकमावरून तयार करून दिला होता. नगरात सुमारे ८०,००० ज्यू राहत होते; त्यांपैकी बहुतेक युद्धात मारले गेले. युद्धानंतर जे थोडे छावण्यांतून परतले, त्यांच्यापैकी काहींच्या हाती नगरपालिकेने जमिनीच्या भाड्याची थकबाकी आणि तीवरील दंड यांची मागणी ठेवली. ज्या वर्षांत ते छावणीत होते किंवा लपून होते, त्याच वर्षांची ही थकबाकी! जुनी दप्तरे चाळताना ही गोष्ट उजेडात आली आणि २०१३ मध्ये वृत्तपत्रांतून ती गाजली. चौकशीनंतर २०१६ मध्ये नगरपालिकेने एक कोटी युरो ज्यू समाजाला परत करण्याचे ठरविले. म्हणजे ढालीखाली ‘दयाशील’ हा शब्द कोरला जात असतानाच कचेरीत थकबाकीच्या नोटिसा लिहिल्या जात होत्या. त्यामुळे तो शब्द खोटा ठरतो काय? माझ्या मते नाही. उलट, तो शब्द ढालीवर होता म्हणूनच सत्तर वर्षांनंतर नगराला त्याचा जाब विचारता आला. ढालीवरील शब्द हे कमावलेले बक्षीस खरेच, पण ते घेतलेले वचनही असते.

ध्वजांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ढालचिन्ह राजाज्ञेने मिळते. ध्वज मात्र नगरपालिकेचे सभासद स्वतः ठराव करून ठरवितात आणि उच्च मंडळाचा केवळ सल्ला घेतात. ढालीवर बारकावा चालतो, ध्वजावर चालत नाही. ध्वज वाऱ्यात फडफडतो, पावसात चिकटतो, त्याला मागची बाजूही असते. म्हणून दोन-तीन रंगांचे पट्टे आणि एखादी ठळक खूण एवढेच त्यावर शोभते. उत्तर हॉलंड प्रांताने २२ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीकारलेला ध्वज पिवळा, तांबडा व निळा अशा तीन आडव्या पट्ट्यांचा आहे. प्रांताच्या ढालीत हॉलंडचा सोन्यावरचा तांबडा सिंह आणि पश्चिम फ्रीसलंडचे निळ्यावरचे दोन सोनेरी सिंह शेजारी शेजारी आहेत. त्या ढालीचे रंग तेवढे ध्वजात उतरले, सिंह ढालीवरच राहिले. आम्स्टरडॅमने १९७५ मध्ये आपल्या ढालीतील उभा पट्टा आडवा केला आणि लाल-काळा-लाल ध्वजावर तिन्ही क्रूस एका ओळीत आणले. आज हेच तीन क्रूस रस्त्याच्या कडेच्या लोखंडी खुंटांवर आणि नगरपालिकेच्या पत्रांवरही आढळतात.

आता एक अडचणीची गोष्ट. ही गावे एकामागून एक कारभारातून नाहीशी होत आहेत. खर्च वाचावा, तज्ज्ञ नोकर ठेवता यावेत, यासाठी लहान नगरपालिका मोठ्यांत विलीन करण्याचे धोरण त्या देशात दीर्घकाळ चालू आहे. १९०० च्या सुमारास सर्व देशात अकराशेंहून अधिक नगरपालिका होत्या. २०२३ च्या आरंभी ३४२ उरल्या. १९७४ मध्ये झान नदीकाठच्या सात नगरपालिका मिळून झानस्टाड झाले. १९९१ मध्ये सोट्यावाल्या साधूचे मॉनिकेंडाम इतर चार नगरपालिकांबरोबर वॉटरलँडमध्ये गेले. २०१२ मध्ये चार नगरपालिका मिळून हॉलंड्स क्रोन झाले. २०२२ मध्ये १३५५ सालची नगरसनद असलेले वेस्प आम्स्टरडॅमचा भाग बनले.

नगरपालिका संपली की तिची ढालही कायद्याने संपते. नव्या नगरपालिकेला नव्याने अर्ज करावा लागतो. मग प्रश्न उभा राहतो : पाच गावांच्या पाच खुणा एका ढालीत कोंबाव्यात, की सर्वांना साधारण असे काही नवे काढावे? पहिल्या मार्गाने ढाल भाजीच्या टोपलीसारखी होते. दुसऱ्या मार्गाने कोणाचेच मन भरत नाही. शहाणे चिन्हकार मधला मार्ग काढतात. संपूर्ण चिन्ह न घेता एका गावाचा रंग, दुसऱ्याचा प्राणी, तिसऱ्याची लाट असे घेतात. वॉटरलँडच्या चिन्हात त्या प्रदेशाचा जुना हंस आहे. साधू त्यात नाही. तो मॉनिकेंडामच्या जुन्या इमारतींच्या दगडांवर उभा आहे. कित्येक खेड्यांनी अलीकडे स्वतःचे ग्रामध्वज करून घेतले आहेत. त्यांना कायद्याचे बळ नाही, परंतु अंगणातील काठीवर कोणता ध्वज चढवावा हे कायदा थोडाच सांगतो? जे चिन्ह लोकांच्या हातात आहे ते दप्तरातून गेले तरी जात नाही. जे केवळ दप्तरात आहे ते जाण्यास एक सही पुरते.

या ढाली वाचताना आणखी एक खबरदारी हवी. त्या जे सांगतात ते पाहावे, तसेच जे सांगत नाहीत तेही पाहावे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी तीन, म्हणजे आम्स्टरडॅम, होर्न आणि एंकहाउझन, याच प्रांतात होत्या. लिन्सखोटेनने उघड केलेल्या वाटांनी त्यांची जहाजे पूर्वेकडे आली. १६३७ मध्ये आपल्या कोकणात वेंगुर्ल्यास त्यांची वखार पडली, आणि गोव्याच्या मांडवीचे मुख त्यांच्या आरमाराने वर्षामागून वर्षे अडवून धरले. होर्नमध्ये जन्मलेल्या यान पीटरसोन कून याने १६२१ मध्ये जायफळाच्या बांदा बेटांवर कत्तल केली. त्याचा पुतळा १८९३ पासून होर्नच्या चौकात आहे आणि त्यावरून आज तेथे वाद चालतो. होर्नच्या ढालीवर शिंग आहे, जायफळ नाही. पोर्तुगीजांनीही गोवा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या दिवशी, म्हणून पोर्तुगीज हिंदच्या ढालचिन्हात त्या संतस्त्रीचे चक्र घातले. ज्यांचे नगर त्या दिवशी पडले त्यांची खूण त्यात असण्याचे कारणच नव्हते. ढाल ही धरणाऱ्याची असते; समोरच्याची बाजू इतिहासाच्या पुस्तकातच शोधावी लागते.

आपल्या पणजीस, मडगावास, बेळगावास, इंदुरास किंवा बडोद्यास राहणाऱ्याला या साऱ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आपल्याही नगरपालिकांना बोधचिन्हे आहेत. घरपट्टीच्या पावतीवर, पाण्याच्या टाकीवर, कचऱ्याच्या गाडीवर ती असतात. आपण ती पाहतो, वाचत नाही. ती कोणी ठरविली, त्यांत नाव आहे की धंदा, दंतकथा आहे की घडलेली गोष्ट, आणि खाली एखादे ब्रीद असल्यास ते नगरपालिकेकडून पाळले जाते की नाही, हे प्रश्न शाळेतील मुलांनीही विचारावेत असे आहेत. घरपट्टी भरण्यास पुढच्या खेपेस जाल तेव्हा पावती घडी करून खिशात घालण्यापूर्वी तिच्या माथ्यावरील चिन्ह एकदा नीट पाहावे. ज्या संस्थेने ते तेथे छापले आहे, तिने त्या चिन्हाखाली आपल्याला काहीतरी वचन दिलेले आहे.